ढोल कुठवर आला

"आमची मुकुटबनची गाडी पऱ्हाटीच्या वावरात काहून उभी हाय?" असा निरोप ज्या दुपारी फोनवर आला, त्या दुपारी मी खुर्चीतून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथे काहीच काम नसल्यामुळे परत आले. आनंदाने मला काही सुचेना. गाडी वावरात नव्हती, हे मला ठाऊक होतं. आनंद याचा होता की कोणीतरी बघत होतं.

मी शाहीन. पांढरकवड्यात हायवेला लागून माझ्या अब्बांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याच्या वरच्या खोलीत बसून मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. पोटासाठी पुण्याच्या एका कंपनीचे आणि जीव लावून 'कुठवर' नावाच्या अॅपचे. आधी बरीच वर्षं पुण्यात राहूनच ही नोकरी केली. मग काम घरून करायची सोय झाली आणि मी खालच्या हातोड्यांच्या आवाजात परत राहायला आले.

'कुठवर' एकच गोष्ट सांगतं. तुमची बस आत्ता कुठवर आली. फोनमधल्या नकाशावर एक निळा ठिपका सरकताना दिसतो, तो ठिपका म्हणजे गाडी. आम्ही गाडीवर कुठलंही यंत्र बसवलेलं नाही. गाडीतल्या एखाद्या प्रवाशाने 'मी बसलो' हे बटण दाबलं की त्याचा फोन वाटेत आपली जागा आम्हाला कळवत राहतो. एकाने दाबलं की पुढच्या सगळ्या थांब्यांवर उन्हात उभ्या असलेल्या लोकांचं काम होतं. उतरताना 'मी उतरलो' दाबायचं. जंगलात रेंज गेली की ठिपका राखाडी होतो. राखाडी म्हणजे ही बातमी शिळी आहे, तिच्या भरवशावर चहा प्यायला जाऊ नका.

वावरातल्या गाडीचं असं झालं होतं की एक शेतकरी आपल्या शेतापाशी उतरला, 'मी उतरलो' दाबायचं विसरला आणि फोन खिशात ठेवून निंदणाला लागला. दुपारभर आमची बस पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, ओळींमधून इकडून तिकडे फिरत होती. मी प्रोग्राममध्ये एक सुधारणा केली. फोन माणसाच्या चालीने सरकायला लागला तर माणूस उतरला असं समजावं. दुसऱ्याच दिवशी गाडी म्हशींच्या कळपामागे सापडली, चालत्या माणसाइतकी हळू झाली आणि माझ्या हुशार प्रोग्रामने गाडीतल्या सगळ्यांना एकदम उतरवून टाकलं. पुढच्या गावात लोक रिकाम्या नकाशाकडे बघत बसले. त्यानंतर म्हशींसाठी वेगळी सुधारणा करावी लागली. आमच्या धंद्यात काम असंच वाढतं.

हे अॅप कोणा एकाच्या मालकीचं नाही. त्याचा प्रोग्राम इंटरनेटवर उघडा ठेवलेला आहे. कोणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्त करून पाठवावा, नाहीतर उचलून आपल्या गावासाठी वापरावा. दारव्ह्याच्या एका मास्तरांनी तिकडच्या गाड्यांची वेळापत्रकं भरून दिली. आणि फिनलंड देशातल्या पेक्का नावाच्या माणसाने आमचे ठिपके दुरुस्त करून दिले. हा पेक्का कोण, काय करतो, मला आजही नीट माहीत नाही. तो रस्त्यावर बर्फ असलेल्या देशात बसून मुकुटबनची गाडी बघतो, एवढं खरं.

एकदा त्याने लिहिलं, "तुमच्या सगळ्या गाड्या एका ठरावीक वळणावर बंद पडतात. तिथला रस्ता खराब आहे का?" मी कळवलं की रस्ता चांगला आहे, तिथे चहा चांगला मिळतो. चार दिवसांनी त्याच्याकडून दुरुस्ती आली. त्या वळणावर गाडी थांबली तर ती बिघडली असं समजू नये, असं त्याने प्रोग्रामला शिकवलं होतं आणि त्या भागाला नाव दिलं होतं 'चहा'. इंग्रजी अक्षरांत नीट 'चहा' लिहिलं होतं. मी ते अब्बांना दाखवायला खाली पळाले. अब्बा एका ट्रकच्या खाली होते. तिथूनच म्हणाले, "उसको बोल, कभी आया तो पिलाएंगे."

आता सुधाकरभाऊंकडे येते. पांढरकवडा ते मुकुटबन या रस्त्यावर त्यांची काळीपिवळी जीप चालते. बस चुकलेल्या माणसाला जीपचाच आधार. 'कुठवर' सुरू झाल्यावर मला वाटलं होतं, हे माझ्यावर रागावणार. उलट ते गोड बोलायला लागले. "शाहीनबाई, लय झकास चीज बनवली तुमी," असं रस्त्यात थांबून सांगायचे. मला फार बरं वाटायचं. मग एके दिवशी डेपोतले एक वाहक गॅरेजमध्ये आले आणि म्हणाले, "तुमच्या ठिपक्यानं आमची गाडी रिकामी करून टाकली, ताई." सुधाकरभाऊ फोनवर बसचा ठिपका बघायचे आणि जीप बरोबर बसच्या थोडी पुढे ठेवायचे. थांब्यावर लोक बससाठी जमलेले असायचे, तेवढ्यात हे येऊन सगळे उचलून न्यायचे. मागून बस यायची तेव्हा थांब्यावर फक्त कुत्रं असायचं.

मी त्यांना जाब विचारायला स्टँडबाहेर गेले. ते जीपच्या बॉनेटवर फोन ठेवून ठिपकाच बघत होते.

"भाऊ, हे बरं नाही," मी म्हटलं.

"काहून? तुमीच तं म्हन्ता, सगळ्याईसाठी उघडं हाय."

"प्रवाशांसाठी म्हणते मी."

"मंग तसं लिवा तिथं. 'सुधाकर सोडून' असं लिवा."

उघडं म्हणजे उघडंच. त्यात एका माणसासाठी दार लावायचं म्हटलं तर ते दार उद्या कोणासाठीही लागलं असतं. मी घरी आले आणि रात्रीच्या जेवणात अब्बांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र आतून लागलं होतं. मी लोकांची सोय केली होती आणि बसचं नुकसान केलं होतं, आणि दोन्ही एकाच ठिपक्याने.

ही कुरबुर चालू असतानाच मंदाताई टेकाम माझ्या ओळखीच्या झाल्या. मुकुटबनच्या बाजूच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, त्यांचं घर. तिथल्या आणि आसपासच्या शेतकरी घरांतल्या बायकांना घेऊन त्यांनी लग्नाचा बँड काढला होता. मंदाताई स्वतः क्लॅरिनेट वाजवायच्या. ट्रंपेट होते, ताशे होते, खुळखुळे होते आणि एक भलामोठा ढोल होता. तो वाजवणारी कमलाबाई ढोलामागे उभी राहिली की तिचे फक्त पाय आणि डोक्यावरचा पदर दिसायचा. वर्षभर त्यांनी सराव केला होता, पण सुपारी कोणी देत नव्हतं. "बायाईचा बँड कोन लावते?" असं लोक तोंडावर म्हणायचे.

अब्बांचे जुने दोस्त राऊतकाका. कापूस, सोयाबीन, तूर असं सगळं पिकवणारं मोठं घर. त्यांच्या मुलाचं लग्न पांढरकवड्यातच होतं, मे महिन्यात. मी त्यांच्या मागे लागले की मंदाताईंचा बँड लावा. काकू लगेच हो म्हणाल्या. काका कुरकुरले आणि शेवटी म्हणाले, "ठीक हाय बेटा. पन त्या आल्या नाई तं तूच वाजवजो."

बँड बसने येणार होता. स्वतःची गाडी करण्याइतकं त्यांचं अजून जमलेलं नव्हतं. मंदाताईंनी सकाळी मुकुटबनला गाडीत बसल्याबरोबर बटण दाबलं आणि माझ्या नकाशावर निळा ठिपका उगवला. मी नटूनथटून राऊतकाकांच्या अंगणात उभी होते. मांडवात पाहुणे जमत होते, दाराशी घोडी आली होती, आणि मी दर थोड्या वेळाने फोन काढून ठिपका सरकताना बघत होते. माझ्या मेहेंदी लावलेल्या हातात बँड चालत येत होता.

जंगलाच्या टप्प्यात ठिपका राखाडी झाला. तो तिथे रोजच होतो. पण पलीकडे निळा व्हायची वेळ टळून गेली. मला वाटलं, म्हशी असतील. आणखी वेळ गेला. मग एकदम ठिपका निळा झाला, रस्त्यापासून बाजूला, एका टेकडीवर. अॅपमध्ये गाडीविषयी दोन शब्द लिहायला जागा असते, गर्दी आहे, जागा नाही, असं कळवायला. तिथे मंदाताईंनी लिहिलं होतं, 'गाडी बंद पडली. बँड खाली उतरला. टेकडीवरून लिहून राह्यली.'

मी हे राऊतकाकांना सांगितलं तेव्हा ते फेटा बांधून घेत होते. अर्धा फेटा डोक्याला, अर्धा बांधणाऱ्याच्या हातात. ते त्याच्यासकट वळले.

"म्हंजे बँड जंगलात हाय?"

"हो काका."

"आन् घोडी माह्या दारात."

"डेपोची दुरुस्तीची गाडी निघाली म्हणे."

"थे पोचन तवरिक मुहूर्त जाते, बेटा."

अब्बा शेजारीच उभे होते, लग्नासाठी काढलेल्या पांढऱ्या शेरवानीत. त्यांनी गॅरेजमधला पिकअप घेतला आणि त्या शेरवानीतच निघाले. जाताना मी त्यांच्या फोनवर बटण दाबून दिलं, म्हणजे ते कुठे आहेत ते मला दिसावं.

पण त्यांच्याही आधी तिथे सुधाकरभाऊ पोचले होते. बसचा ठिपका हलत नाही म्हणजे रस्त्यावर गाडीभर प्रवासी उभे आहेत, हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं. ते प्रवासी मिळवायला गेले आणि तिथे त्यांना उन्हात, लाल कोट घालून, खांद्यावर बाजे घेतलेल्या बाया दिसल्या. त्यांनी टेकडीवर चढून मला फोन केला.

"शाहीनबाई, हे लग्न राऊतसाहेबाच्या घरचं हाय का?"

"हो."

"मंग बाकीच्या लोकाईले म्या मागून नेतो. बायाईले घेऊन निघतो. पन थो ढोल माह्या जीपमंधी शिरून नाई राह्यला."

"टपावर बांधा."

"टपावर ट्रंपेटवाल्या बसल्या हाय."

मी खाली उतरवा म्हणाले, त्या उतरल्या. तरी ढोल बसेना. तेवढ्यात दुधाचा टेंपो आला. टेंपोवाल्याने ढोल आणि कमलाबाई दोघांना कॅनच्या मधल्या जागेत बसवून घेतलं. मागून अब्बा पोचले, त्यांनी ताशेवाल्या आणि खुळखुळेवाल्या पिकअपमध्ये घेतल्या. अशा रीतीने बँडचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्यात कोणाचा ना कोणाचा फोन 'मी बसलो' म्हणत होता. प्रोग्रामला वाटलं, हे सगळे अजून त्याच मुकुटबनच्या गाडीत आहेत. नकाशावर एका बसच्या तीन बस झाल्या.

राऊतकाका माझ्या एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला, आणि मागे पाहुण्यांचा घोळका. सगळ्यांची मुंडकी माझ्या फोनवर.

"हा पुढचा कोन?" काकांनी विचारलं.

"सुधाकरभाऊ. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट."

"हा मधला?"

"अब्बा. ताशे."

"आन् हा मांगचा उलटा कायले चालला?"

मी नीट पाहिलं. तिसरा ठिपका मुख्य रस्ता सोडून एका फाट्याने आत वळला होता आणि पांढरकवड्यापासून लांब जात होता. टेंपोवाल्याला आधी आतल्या गावातल्या डेअरीवर दूध घालायचं होतं. उन्हाळ्यात दूध थांबत नाही.

"ढोल आहे तो," मी म्हटलं.

घोळक्यात ही बातमी मागे मागे पसरत गेली. ढोल डेअरीवर गेला. ढोल डेअरीवर गेला. घोडीवाल्यापर्यंत गेली. नवरदेवाने आतून माणूस पाठवला, ढोल कुठवर आला ते विचारायला.

याच वेळी पेक्काचा निरोप आला. तो लिहीत होता, "तुमच्या गाडीचे तीन भाग झाले आहेत आणि एक भाग दूध घालायच्या ठिकाणी उभा आहे. प्रोग्राममध्ये काहीतरी गंभीर बिघाड आहे. मी आत्ता दुरुस्त करायला बसू का?" मी घाईने लिहिलं, "हात लावू नको. सगळं बरोबर आहे. हा बँड आहे." त्याने लिहिलं, "ठीक आहे. मग मी फक्त बघतो."

सुधाकरभाऊंची जीप आली. मंदाताई खाली उतरल्या, काकांकडे पाहिलं आणि क्लॅरिनेट तोंडाला लावली. मागून ट्रंपेट लागले. वरात उठली. आवाज छान होता, पण हलका होता, पायाखाली काही नसल्यासारखा. लोक चालत होते, नाचत कोणी नव्हतं. नवरदेवाचे दोस्त हात वर करायचे आणि पुन्हा खाली घ्यायचे. राऊतकाकांचा चेहरा मी मुद्दाम पाहिला नाही.

कोपऱ्यावर अब्बांचा पिकअप येऊन मिळाला. ताशेवाल्या वाजवतच मागून उतरल्या आणि वरातीत जरा जीव आला. अब्बांच्या शेरवानीला ग्रीस लागलं होतं. तिथून निघायच्या आधी त्यांनी बसचं काम करून टाकलं होतं, हे नंतर कळलं. बसच्या चालकाने पान्हा पुढे केला आणि त्यांना राहवलं नाही. राहिलेले प्रवासी त्याच बसने आले.

मी चालता चालता फोन बघत होते. तिसरा ठिपका फाट्यावरून मुख्य रस्त्याला लागला. मग हायवे. मग गावात. मी ओरडून सांगत होते आणि माझ्यापुढचा माणूस त्याच्या पुढच्याला सांगत होता. स्टँड आला. बाजार आला. वरात मारुतीच्या देवळापाशी वळत असताना समोरच्या गल्लीतून दुधाचा टेंपो आला, आणि त्यात रिकाम्या कॅनच्या मधोमध कमलाबाई उभी राहून ढोल वाजवत होती. तिला वाट बघवली नव्हती. ती कधीपासून वाजवत होती कोण जाणे. टेंपो वरातीत शिरला, ढोल क्लॅरिनेटच्या चालीत बरोबर जाऊन बसला, आणि सगळा रस्ता एकदम उसळला. घोडी बिचकली. काकू नाचायला लागल्या. त्यांना नाचताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि काकांनीही पाहिलं नसावं, कारण ते आधी थबकले, मग फेटा एका हाताने धरून तेही नाचायला लागले. सुधाकरभाऊ जीप तशीच रस्त्यात सोडून आले. दुधवाला टेंपोच्या टपावर चढला. वरात लग्नाच्या मांडवाच्या दारापाशी आली तरी कोणी आत जाईना. भटजी बाहेर येऊन उभे राहिले आणि थोड्या वेळाने त्यांचीही मान हलायला लागली.

लग्न लागलं. जेवणं झाली. मंदाताईंना मांडवातच आणखी दोन लग्नांची सुपारी मिळाली. त्यातली एक घोडीवाल्याच्या पुतणीची.

सुधाकरभाऊ माझ्या शेजारी पंगतीला बसले होते. म्हणाले, "मले बी एक ठिपका द्या, शाहीनबाई. पिवळा."

"तुम्हाला कशाला?"

"लोकाईले दिसू द्या ना. बस पायजे त्यानं बस पकडावं, जीप पायजे त्यानं जीप. मंग म्या कायले बसच्या म्होरं पळू?"

मी पिवळा ठिपका दिला. डेपोतले ते वाहक अजून थोडे फुगलेले असतात, पण थांब्यावर आता दोन्हींसाठी लोक असतात.

संध्याकाळच्या मुकुटबनच्या गाडीने बँड परत निघाला. त्यांना सोडायला म्हणून मी स्टँडवर गेले आणि कमलाबाईने हात धरून मला गाडीत ओढून घेतलं. गाडी सकाळचीच होती, अब्बांनी जोडलेली. ढोल मागच्या सीटवर बसवला. गाव सुटलं तशा बाया पुन्हा वाजवायला लागल्या, आणि कोणा प्रवाशाने अॅपमध्ये लिहून टाकलं, 'गाडीत बँड वाजून राह्यला.'

पहिल्या थांब्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त लोक उभे होते. त्यातले थोडेच गाडीत चढले. बाकीचे खिडक्यांपाशी उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या थांब्यावर पोरं रस्त्यात नाचत होती आणि एका बाईने परातीत गूळपाणी आणलं होतं. पुढच्या गावात थांबा नव्हता, तरी लोकांनी हात करून गाडी थांबवली. ठिपका सगळीकडे दिसत होता आणि प्रत्येक गाव आपल्या वेळेला तयार होऊन बसलं होतं. गाडी चालायची कमी आणि थांबायची जास्त. मंदाताईंचा घसा सुकला, पण त्या थांबेनात.

जंगल लागायच्या अलीकडे चालकाने मान वळवून मला विचारलं, "बाई, थो ठिपका तुमचाच हाय ना?"

"हो."

"बंद करा ना जरासा. असंच चाललं तं मुकुटबनले पोचता पोचता उजाडन."

मी फोन हातात घेतला. ते बटण कुठे आहे, हे मला डोळे मिटूनही सांगता येतं, मीच ते तिथे बसवलं आहे. पुढच्या वळणावर, उतरत्या उन्हात, आणखी एक गाव रस्त्यावर येऊन उभं राहिलेलं दिसत होतं.

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि कमलाबाईला म्हटलं, "वाजवा."